शून्य वेगळे, रिकामे वेगळे

परीक्षेचा निकाल फलकावर लागला की आपण सारे प्रथम स्वतःचा क्रमांक शोधतो, मग मित्राचा, आणि उरलेला तक्ता तसाच सोडून चहाला जातो. तो तक्ता जरा निवांतपणे वाचला तर त्यात एक शहाणपणाची गोष्ट आढळते. एखाद्याला भोपळा मिळाला असेल तर तेथे शून्य छापलेले असते. जो परीक्षेला बसलाच नाही त्याच्यापुढे ‘गैरहजर’ असा शेरा असतो. नापास दोघेही, तरी विद्यापीठ दोघांना एका रांगेत बसवीत नाही. पहिल्याची परीक्षा झाली आणि त्याला काही आले नाही, एवढे आपल्याला निश्चित कळले. दुसऱ्याविषयी आपल्याला काहीच कळलेले नाही. आणि रकाना अगदी कोराच राहिला असेल तर ती कचेरीची चूक मानली जाते, आणि ती निस्तरेपर्यंत कोणी त्या मुलाला पास म्हणत नाही.

हा साधा विवेक माणसांच्या कचेरीत पूर्वीपासून आहे. यंत्रांच्या कचेरीत तो पुष्कळदा नसतो, आणि यंत्रांवर विसंबणाऱ्या माणसांच्या अंगातूनही तो हळूहळू निघून जातो, असे माझे मत गेल्या उन्हाळी सुटीत झाले. ते मत वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा प्रपंच. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. संगणकशास्त्राच्या मित्रांना यात काही ठोकळेबाज वाटले तर त्यांनी ते पदरात घ्यावे.

सुटीतले दोन महिने मी आपल्याच गावातल्या एका लहानशा कंपनीत उमेदवारी केली. नाव सांगण्याचे कारण नाही. ही कंपनी व्यापाऱ्यांना बिले करण्यासाठी आज्ञावली तयार करून देते. आज्ञावली लिहिणे हे माझे काम नव्हते. नमुन्याची बिले तयार करायची, प्रत्येक बिलावर कर किती आणि कोणत्या नावाने लागला पाहिजे हे हाताने काढून द्यायचे, एवढेच माझ्याकडे होते. त्यावरून तिथली मंडळी चाचण्या लिहीत.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि सीमाभागातल्या व्यापाऱ्याचे डोके दोन प्रकारच्या बिलांत वाटले गेले. बेळगावचा माल हुबळीला गेला तर व्यवहार राज्यातला. कर अर्धा केंद्राच्या नावे, अर्धा राज्याच्या नावे. तोच माल चंदगडला गेला, तर अंतर हुबळीच्या निम्म्याहूनही कमी असले तरी व्यवहार आंतरराज्य, आणि कर एकात्मिक. समजा उद्यमबागेतून वीस हजार रुपयांचे यंत्राचे सुटे भाग गेले. १८ टक्क्यांनी कर ३,६०० रुपये. हुबळीच्या बिलावर तो १,८०० आणि १,८०० असा दोन ओळींत येईल. चंदगडच्या बिलावर ३,६०० असा एका ओळीत. बिलाची बेरीज दोन्हीकडे २३,६०० च. बेरीज तीच राहते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढची सारी गंमत त्यातच आहे.

आता यंत्राकडे वळतो. हल्ली आज्ञावलीत कोणी एक ओळ जरी बदलली तरी ती ओळ थेट गिऱ्हाईकाकडे जात नाही. जेन्किन्ससारखी एक व्यवस्था तो बदल उचलते, सारी आज्ञावली पुन्हा नव्याने बांधते, साऱ्या चाचण्या चालवते आणि शेवटी हिरवा किंवा लाल दिवा दाखवते. या मालिकेला पाइपलाइन म्हणतात. पाइपलाइन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राकसकोपचे पाणी येते, आणि ती उपमा तशी चुकीची नाही. इकडे एका टोकाला बदल ओतायचा, तिकडे दुसऱ्या टोकाला तपासलेला माल घ्यायचा. मध्ये माणसाचा हात नाही.

या मालिकेत एक हिशेबनीसही बसवलेला असतो. चाचण्या यशस्वी झाल्या हे ठीक. पण चाचण्यांनी आज्ञावलीच्या किती भागाला हात लावला? शंभर ओळींपैकी तीस ओळींवरून एकही चाचणी गेली नसेल, तर त्या तीस ओळींत काय दडले आहे हे कोणालाच ठाऊक नाही. या मोजणीला कव्हरेज म्हणतात. कल्पना नवी नाही. मिलर आणि मॅलनी या दोघांनी १९६३ मध्येच, संगणक खोलीभर जागा अडवून बसत असे त्या काळात, आज्ञावलीच्या प्रत्येक वाटेवरून चाचणी गेली की नाही हे पद्धतशीर पाहावे असे मांडले होते. जावा भाषेतल्या आज्ञावल्यांसाठी हे काम जॅकोको नावाचे साधन करते. ज्या ओळी चालल्या त्या तो हिरव्या दाखवतो, ज्या चालल्याच नाहीत त्या लाल. आणि जिथे दोन वाटा फुटतात तिथे एकच वाट तुडवली गेली असेल तर पिवळ्या. आपल्या प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासताना कोणत्या पानावर टिचकी मारली आणि कोणते पान उलटलेच नाही, हे सांगणारा कोणी असता तर कसा असता, तसा हा जॅकोको.

मे महिन्याच्या अखेरीस एका व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाचा फोन आला. चंदगडहून परत आलेल्या मालाची जमाचिठ्ठी आमच्या आज्ञावलीने केंद्र आणि राज्य कराच्या नावाने काढली होती. विक्रीचे बिल एकात्मिक कराचे आणि परतीची चिठ्ठी राज्यातल्या कराची! बेरीज जुळत होती, म्हणून दुकानात कोणाच्या लक्षात आले नाही. पण सरकारच्या हिशेबी हे वेगवेगळे खिसे आहेत. एका खिशातले देणे कमी व्हायला हवे होते ते तसेच राहिले आणि दुसऱ्या खिशातले विनाकारण कमी दिसू लागले. तिकडे चंदगडच्या दुकानदाराने एकात्मिक कराची वजावट घेतलेली. ती ज्या चिठ्ठीवरून परत फिरवायची ती चिठ्ठीच भलत्या नावाची. विवरणपत्र भरण्यापूर्वी त्या हिशेबनिसाच्या ध्यानात आले म्हणून निभावले. ते गृहस्थ फोनवर रागावलेसुद्धा नाहीत. “तुम्ही तपासून देता म्हणून आम्ही पाहत नाही,” एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

आमचे वरिष्ठ मूळचे धारवाडकडचे. मी त्यांना अण्णा म्हणत असे आणि ते मला तम्मा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: परराज्यातून परत येणाऱ्या मालाची ही वाट कोणत्याही चाचणीने कधी तुडवली होती का? याचे उत्तर कव्हरेजच्या पानावर असायला हवे. त्यांनी ते पान उघडले आणि आपल्या मिश्र मराठीत म्हणाले, “तम्मा, हे खाली आहे की रे.” मी आज्ञाधारकपणे पडद्यावर खाली खाली जाऊ लागलो. दोन्ही भाषा जाणणारे वाचक हसले असतील. मराठीत खाली म्हणजे तळाशी. कन्नडमध्ये खाली म्हणजे रिकामे. लहानपणापासून दोन्ही भाषा बोलणारा मी, पण ते मराठीत बोलत होते म्हणून मराठीतच फसलो. मग मी म्हटले, “म्हणजे शून्य आहे का, अण्णा?” त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. “सोन्ने बेरे, खाली बेरे.” शून्य वेगळे, रिकामे वेगळे.

पान खरोखरच रिकामे होते. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत रोजचा आकडा होता. त्यानंतर काहीच नव्हते. आलेखावरची रेघ शेवटच्या ठिपक्यापाशी थांबली होती, आणि रोज पाहणाऱ्याला ती थांबलेली न दिसता स्थिर दिसत होती. दिवा मात्र या सहाही आठवड्यांत हिरवाच. परतीच्या मालाचा तो भाग लिहिला गेला तोही याच सहा आठवड्यांत.

नळाला पाणी आले नाही तर आपल्याकडे काय करतात? प्रथम घरची तोटी पाहतात, मग माडीवरची टाकी, मग गल्लीतला व्हॉल्व सोडला की नाही ते, आणि मग राकसकोपची चौकशी. एकदम धरणावर कोणी धावत नाही. अण्णांनी नेमके तेच केले, आणि मी शेजारी बसून पाहिले. निकाल दाखवणारे पान रिकामे. म्हणजे त्या पानाला वाचायला अहवालाची फाइल मिळत नसावी. पुष्कळदा फाइल तयार असते, पण पान ती भलत्याच जागी शोधत असते. किंवा चाचण्या एका यंत्रावर चालतात, पान दुसऱ्या यंत्रावर तयार होते, आणि मध्ये फाइल नेऊन द्यायचे कोणी सांगितलेलेच नसते. तसे काही नव्हते. अहवाल मुळात तयारच झाला नव्हता. मग त्याच्या मागची पायरी: ज्या कच्च्या नोंदीवरून अहवाल बनतो ती ‘जॅकोको.एक्झेक’ नावाची फाइल. तीही नाही. मग त्याच्याही मागे: चाचण्या तरी चालल्या होत्या का? होय, सगळ्या चालल्या होत्या आणि सगळ्या उत्तीर्ण. म्हणजे तोटी, टाकी, व्हॉल्व सारे पाहून झाले. पाणी अडले होते ते चाचणी आणि नोंद यांच्यामध्ये.

हिशेबाच्या मुलाला येथे बँक जुळवणी पत्रक आठवले. पासबुक आणि रोकडवही जुळत नसेल तर शहाणा कारकून पहिल्या पानापासून सुरुवात करीत नाही. शेवटची जुळलेली तारीख शोधतो आणि तिच्यानंतरच्या नोंदी पाहतो. मी तसे सुचवले. ज्या दिवशी शेवटचा आकडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आज्ञावलीच्या बांधणीत काय बदलले? उत्तर दहा मिनिटांत मिळाले. एका सहकाऱ्याने एक निरुपद्रवी ओळ घातली होती. चाचण्या चालताना स्मृती अपुरी पडत होती, म्हणून ‘अधिक स्मृती द्यावी’ अशी ती सूचना.

ती सूचना का नडली हे समजून घेण्याजोगे आहे. जॅकोको स्वतः चाचण्या चालवीत नाही. मेव्हन नावाचा मुकादम सारी बांधणी करतो आणि चाचण्यांचे काम शुअरफायर नावाच्या गड्याकडे सोपवतो. शुअरफायर चाचण्यांसाठी जावाची एक वेगळी प्रक्रिया सुरू करतो, आणि ती सुरू करताना कोणत्या सूचना द्यायच्या हे ‘आर्गलाइन’ नावाच्या एका चिठ्ठीत असते. जॅकोको आदल्या पायरीला त्या चिठ्ठीवर आपले नाव घालून ठेवतो: मलाही आत घ्या. आत शिरल्यावर तो आज्ञावलीच्या प्रत्येक तुकड्यात बारीक खुणा पेरतो, कोणती खूण तुडवली गेली ते टिपतो, आणि प्रक्रिया बंद होताना सारे टिपण फाइलीत उतरवतो. आमच्या सहकाऱ्याने स्मृतीची सूचना लिहिली ती त्याच नावाच्या नव्या चिठ्ठीवर. नवी चिठ्ठी आली, जुनी गळाली, आणि तिच्यावरचे जॅकोकोचे नावही गेले. रखवालदाराने त्याला दारातच ठेवले. चाचण्या झाल्या, टिपणारा मात्र बाहेर उभा.

दुरुस्ती एका ओळीची. जुनी चिठ्ठी जशीच्या तशी पुढे घेऊन तिला नवी सूचना जोडावी अशी सोय शुअरफायरमध्ये आहे. ‘आर्गलाइन’ हे नाव महिरपी कंसात घालून त्याच्या आधी ॲटचे चिन्ह दिले की झाले. अण्णांनी तसे केले, बांधणी पुन्हा चालवली, आणि सहा आठवड्यांनी पान भरले. परराज्यातून परत येणाऱ्या मालाच्या चार ओळी त्यात लाल भडक होत्या. लाल म्हणजे चुकीच्या नव्हेत. लाल म्हणजे तेथे कोणी गेलेच नव्हते. पण तो लाल रंग वेळेवर दिसला असता तर माझ्याकडे एक नमुना बिल मागितले गेले असते, मी चंदगडचे परतीचे बिल करून दिले असते आणि चूक घरातच सापडली असती.

येथपर्यंत ही एका कंपनीतली घटना झाली. यंत्र चुकले, माणसाने सुधारले. मला लिहावेसे वाटले ते पुढच्या दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट. या मालिकेत एक पहारेकरीही होता. कव्हरेज सत्तर टक्क्यांखाली गेले तर बांधणी थांबवावी असा नियम तेथे लिहून ठेवलेला होता. मग सहा आठवडे आकडाच नसताना त्याने बांधणी का थांबवली नाही? अण्णांनी जुन्या नोंदी काढून दाखवल्या. नोंदीची फाइल सापडली नाही तर जॅकोकोचा हा पहारेकरी एक ओळ लिहितो, की आवश्यक फाइल नसल्याने काम सोडून देत आहे, आणि बाजूला होतो. ती ओळही चूक म्हणून नाही, ‘माहितीसाठी’ म्हणून; शेकडो ओळींच्या गर्दीत. म्हणजे एकूणसत्तर टक्के मिळवणारा अडवला जातो आणि जो पेपरच देत नाही तो सरळ आत जातो! एकही गुण कमी पडला तर नापास, उत्तरपत्रिका कोरी दिली तर नापास, पण उत्तरपत्रिका दिलीच नाही तर उत्तीर्ण, असा नियम आपल्या विद्यापीठाने केला तर काय होईल याची कल्पना विद्यार्थ्यांना करून देण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. माल गिऱ्हाईकाकडे जाण्यापूर्वी एक यादी भरावी लागे. तिच्यात ‘चाचण्या व कव्हरेज पाहिले’ असा रकाना होता, आणि उमेदवार म्हणून तो भरण्याचे काम माझ्याकडे होते. त्या आठवड्यांतल्या तीन याद्यांवर माझी आद्याक्षरे आहेत. मी खोटे लिहिले असे मला तेव्हा वाटले नव्हते. दिवा हिरवा होता. काही बिघडले असते तर कोणी सांगितले असते, असे मी धरून चाललो. कोणी काही बोलले नाही, याचा अर्थ सारे ठीक आहे, असा मी लावला. तो फोन आला त्या दिवशी कोणी मला दोष दिला नाही. अण्णांनी त्या याद्या काढल्या, पाहिल्या आणि परत ठेवल्या.

वाणिज्याच्या वर्गात आपण याच मोहाविरुद्ध तीन वर्षे शिकत असतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे परीक्षेत लिहिले तर गुण मिळत नाहीत. राहून गेलेली नोंद, भलत्या खात्याला गेलेली रक्कम, एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका, यांपैकी काहीही तेरजेत दिसत नाही. आमच्या जमाचिठ्ठीची चूक तंतोतंत तशीच: रक्कम बरोबर, खाते चुकीचे, बेरीज जुळलेली. हिरवा दिवा ही संगणकाची तेरीज आहे. ती जुळलीच पाहिजे. पण जुळली म्हणजे काम संपले असे नाही.

हिशेबतपासणीच्या मानकांत तर हा प्रश्न फार विचारपूर्वक हाताळला आहे. एसए ५०५ हे मानक त्रयस्थांकडून पुष्टी मागवण्याविषयी आहे. ऋणकोला पत्र दोन प्रकारे लिहिता येते: ‘बाकी मान्य असो वा नसो, कळवा’, किंवा ‘मान्य नसेल तरच कळवा’. दुसऱ्या प्रकारात उत्तर न येणे म्हणजे संमती धरली जाते, आणि म्हणून मानक स्पष्ट सांगते की या प्रकारचा पुरावा पहिल्यापेक्षा कमी वजनाचा. पत्र पोचलेच नसेल, वाचलेच नसेल; मौनाला अनेक कारणे असतात. एसए ७०५ त्याही पुढे जाते. हिशेबतपासनिसाला पुरेसा पुरावा मिळालाच नाही आणि जे तपासता आले नाही त्याचा परिणाम मोठा व सर्वदूर असू शकतो असे दिसले, तर त्याने ‘हिशेब चुकीचे’ असे म्हणायचे नाही आणि ‘बरोबर’ असेही नाही. ‘मी मत देऊ शकत नाही’ असे लेखी सांगायचे. बरोबर, चूक आणि ‘ठाऊक नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत. आमच्या पाइपलाइनला दोनच रंग होते. तिसरे उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तिने हिरवा निवडला.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की कव्हरेजच्या आकड्याला एवढे देव्हाऱ्यात कशाला बसवायचे? नव्वद टक्के कव्हरेज असूनही आज्ञावली सदोष असू शकते. ओळीवरून नुसते चालत जाणारी, पण उत्तर बरोबर आले का हे न पाहणारी चाचणी लिहिली तरी ओळ हिरवी होते. हे अगदी मान्य. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात दाखवून दिलेच आहे की एखाद्या आकड्याला धरून नियंत्रण करू लागले की तो आकडा पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. हजेरीचे ७५ टक्के भरण्यासाठी मागच्या बाकावर झोपणारे आपले मित्र हा त्याचा जिवंत पुरावा. पण माझे म्हणणे आकडा मोठा असावा असे नाहीच. आकडा असावा, आणि नसेल तर तो नाही हे मोठ्याने सांगितले जावे, एवढेच माझे म्हणणे आहे. हजेरीपटावर आक्षेप घेणे वेगळे, आणि हजेरीपट हरवलेला असताना वर्ग भरला असे लिहिणे वेगळे.

दुसरा आक्षेप कामाच्या माणसांचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. दर वेळी काही सापडले नाही म्हणून बांधणी थांबवायची, तर लहान कंपनीत काम होणार कधी? गिऱ्हाईक दारात उभे, आणि इकडे फाइलीचा रस्ता शोधत बसायचे? खुद्द जॅकोकोने तसा नियम केला तोही वेडेपणाने केलेला नाही. एखाद्या भागात चाचण्याच नसतात, तेथे फाइल नसणार हे उघड आहे. त्यापायी सारे काम अडवले तर लोक जॅकोकोच काढून टाकतील. ही अडचण खरी. परंतु तिच्यावर उपाय आहे. ज्या भागात चाचण्या नाहीत त्या भागाची नावे लिहून ठेवावीत. ‘येथे काही अपेक्षित नाही’ असे कोणीतरी विचारपूर्वक, नावानिशी म्हणावे. मग बाकी ठिकाणचा कोरेपणा आपोआप उघडा पडतो. गैरहजेरीची परवानगी घेतलेला आणि न सांगता गेलेला, असा फरक वर्गशिक्षकसुद्धा करतात.

हा उपाय आमच्याकडे झाला. बांधणीच्या शेवटी अण्णांनी एक छोटी पायरी घातली: अहवालाची फाइल आहे का, ती आजची आहे का, आणि तिच्यात किमान एक तरी ओळ चाललेली दिसते का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले तर दिवा लाल. शेवटचा प्रश्न मला प्रथम फाजील वाटला. मग कळले की खोटे शून्यही असू शकते. ज्या बांधणीवर चाचण्या चालल्या आणि ज्या बांधणीवरून अहवाल काढला त्या दोन वेगळ्या निघाल्या, तर जॅकोकोला खुणा जुळवता येत नाहीत आणि तो भराभर शून्य लिहून मोकळा होतो. तेव्हा रिकामे हे शून्य नव्हे, हे जितके खरे तितकेच प्रत्येक शून्य हे खरे शून्य नव्हे, हेही खरे. यादीतला माझा रकानाही बदलला. आता तेथे ‘पाहिले’ अशी खूण चालत नाही. त्या दिवशीचा आकडा हाताने लिहावा लागतो. ज्याने पान उघडलेच नाही त्याला आकडा लिहिता येत नाही. हिशेबाच्या वहीत बरोबरची खूण करण्याऐवजी प्रमाणकाचा क्रमांक लिहायला का लावतात, हे मला वर्गात कळले नव्हते, ते असे कळले.

आपल्यापैकी बरेचजण पदवी घेऊन कुठल्या ना कुठल्या पडद्यासमोर बसणार आहेत. कोणी बँकेत, कोणी करसल्लागाराकडे, कोणी पुण्या-बंगळूरच्या कंपनीत. त्या प्रत्येक पडद्यावर एक हिरवा दिवा असेल, आणि त्याखाली सही करायला एक जागा. प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे, की हिशेबतपासणी शिकवताना एखादा तास या नव्या तेरजेलाही द्यावा. मानके तीच आहेत, वह्या तेवढ्या बदलल्या आहेत. आणि वर्गमित्रांना सांगायचे ते एवढेच, की पडद्यावर काही वाईट दिसत नसेल तेव्हा, काही दिसते तरी आहे का, हे आधी पाहावे.

त्या तीन याद्या कंपनीत अजून फाइलीला लावलेल्या आहेत. निघताना मी अण्णांना विचारले, की त्यांवरची माझी आद्याक्षरे खोडू का. ते म्हणाले, “राहू दे, तम्मा. खोडलेस तर तो रकानाही खाली होईल.”